मोरीपासून चार हात

लातूरच्या आमच्या घराशेजारच्या मोकळ्या पट्टीत एक खोली वाढवायची ठरली आणि पहिल्याच दिवशी मिस्त्री म्हणाले, "मॅडम, बोरची वायर जमिनीतून गेली म्हणता. कुठून गेली ते सांगा, मगच पाया खोदू." मी शाळेत भूगोल शिकवते, पोरांकडून नकाशे भरून घेते. स्वतःच्या अंगणात काय पुरलंय ते मात्र मला ठाऊक नव्हतं. वडील किनवटकडे लाईनमन होते. दोन दिवसांची सुट्टी काढून येऊन त्यांनी मीटरपासून मागच्या बोरपर्यंत पाइपातून वायर टाकली होती. ते आता नाहीत. म्हणजे सांगणारं माणूस एकच, आई.

आईनं विचारही केला नाही. "मोरीपासून चार हात, आन् सरळ मागं," म्हणाली.

खोली तिच्यासाठीच होती. गुडघ्यांमुळे तिला वरच्या मजल्यावर चढवत नव्हतं. नांदेडचा भाऊ मात्र वर्षभर एकच धोशा लावून होता, आई विसरायला लागलीय, मी तिला नांदेडला नेतो, खोली कशाला बांधता. आईला नांदेड नको होतं. चार दिवस राहायची आणि पाचव्या दिवशी एसटीत बसायची. मी तिच्याच बाजूनं भांडायचे, पण मनात धाकधूक मलाही होतीच.

मेन स्विच बंद करून मिस्त्रींनी बाथरूमच्या भिंतीपासून चार हात मोजले आणि गड्यांनी कुदळ मारली. गुडघाभर खोल गेले, मग बाजूलाही उकरलं. काळी माती, दगड, कुणाची तरी जुनी चप्पल. पाइप नाही. "अम्मांची उमर झाली मॅडम, होतं असं," मिस्त्री म्हणाले. ते मायेनं म्हणाले, म्हणूनच मला जास्त राग आला. आणि खरं सांगायचं तर मला ते पटलंही. संध्याकाळी मी भावाला फोन करून हे सगळं सांगून बसले. नको तिथं तोंड उघडायची माझी सवय जुनीच आहे.

सकाळी तो हजर. डॉक्टरची वेळ घेऊनच आला होता. आई काठी टेकत अंगणात आली आणि खड्ड्याकडे बघून म्हणाली, "हितं कुनी खांदलं?"

"तूच म्हणालीस ना, मोरीपासून चार हात," मी म्हणाले.

"ही न्हाणी हाय. मोरी तिकडं." तिनं काठी गल्लीकडे केली.

तेव्हा मला उलगडा झाला. गल्लीत सिमेंटचा रस्ता व्हायच्या आधी आमच्या कोपऱ्याशी नाल्याच्या पाण्यासाठी रस्त्याखालून मोरी काढलेली होती. तिचं तोंड अजून गटारात दिसतं. आईनं कितीतरी वर्षं रस्त्याच्या कामावर खडी वाहिली. तिच्यालेखी मोरी म्हणजे रस्त्याखालची. आंघोळीच्या जागेला तिनं जन्मभर न्हाणीच म्हटलं, तेही रोज, माझ्यादेखत. मोरी म्हणणारे आम्ही, शाळा शिकलेले.

मिस्त्री मोरीच्या तोंडापासून हात मोजायला वाकले, तर तिनं त्यांना थांबवलं. "तुझा हात लांब हाय बाबा. चर म्या खांदला व्हता, माज्या हातानं मोजावं लागंल."

"चर बाबांनी खणला ना?" भाऊ म्हणाला.

"त्येंनी वायर वढली. दोन दिसाच्या रजंत मानूस काय काय करंल? त्ये यायच्या आदी म्या आठ दिस खांदत व्हते. कामावरून आलं की खांदायचं."

आम्ही दोघंही आयुष्यभर सांगत आलो, वायर वडिलांनी टाकली. विचारलं कुणीच नव्हतं. आई खाली बसली, कोपरापासून बोटांपर्यंत चार वेळा मोजलं आणि बोट रोवलं. गड्यानं जपून माती काढली. दोन वीत खाली विटा लागल्या, एकीला एक लावून ओळीनं आडव्या. त्यांच्याखाली पाइप.

"विटा कशाला, अम्मा?" मिस्त्रींनी विचारलं, आणि हे त्यांनी शिकाऊ माणसासारखं विचारलं.

"उद्या कुनी खांदलं तर त्येला आदी वीट लागावी. वायर लागू ने."

मला अभिमान वाटला, इतका की डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलंही नाही. माझ्या आईनं अंगठ्याशिवाय कधी सही केली नाही. पण पुढं कधीतरी तिथं कुदळ मारणाऱ्या, कधीही न पाहिलेल्या माणसाचा जीव तिनं तेव्हाच सांभाळून ठेवला होता. तो माणूस आमचाच गडी निघाला.

मिस्त्रींनी हातातला खोलीच्या नकाशाचा कागद घडी करून खिशात घातला. "अम्मा, पाया कुठून धरू?"

आई विटांच्या ओळीपासून दोन पावलं सरकली आणि टाच रोवली. "हितनं धर. वायरीवर भित नको. आन् दार रुंद घे, माजी खाट आत जायाला पायजे." मग भावाकडे वळून म्हणाली, "उबा काय ऱ्हायलास? टेप धर."

त्यानं टेप धरला.