चांदीचा मळका हात

आमची आत्या सोनाराची मुलगी आणि स्वतःही सोनार. पण सोनं तिच्या हातात क्वचितच दिसतं. फुटक्या चष्म्याच्या काचा, सायकलची ट्यूब, जुने चमचे, असलं काहीबाही गोळा करून ती दागिने घडवते. "किती तोळ्यांचा ते सोडा, दागिना काय सांगतो ते बघा," हे तिचं म्हणणं. "दागिन्यानं गप गळ्यात बसावं," हे आजोबांचं. बापलेक एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून काम करतात आणि दिवसभर भांडतात. मला दोघंही जीव की प्राण, पण मध्ये पडायची माझी छाती नाही.

आत्याच्या कामाला आजोबा सरळ भंगार म्हणतात. ती हसण्यावारी नेते, पण मनाला लागतंच. एकदा तरी बाबांनी आपलं काम हातात घेऊन नीट बघावं, एवढीच तिची आस.

परवा प्रदर्शनात पाठवायला तिनं चांदीचा ब्रोच केला. एक तळहात, त्याच्या रेघारेघांत काजळी मुरलेली. ती डबी आणायला आत गेली आणि येऊन बघते तो आजोबा ब्रोच पॉलिशच्या ब्रशवर धरून बसलेले! भंगार असो नाहीतर काही, बिनपॉलिशची वस्तू दुकानाबाहेर गेली की त्यांना अन्न गोड लागत नाही. तीन बोटं लख्ख झाली होती आणि बारीक रेघा पार पुसल्या होत्या.

"बाबा! काय केलंत हे?"

"काय म्हणजे? एवढा मळका हात चारचौघांत मांडणार होतीस? कुणाचा आहे तरी कुणाचा?"

"तुमचाच," म्हणत आत्या मटकन खाली बसली.

आजोबांनी ब्रोच पाहिला, मग स्वतःचा डावा हात पाहिला.

मग त्यांनी ब्रोच पकडीत बसवला, डावा तळहात दिव्याखाली उघडा ठेवला आणि त्यात बघत बघत पुसलेल्या रेघा पुन्हा कोरायला घेतल्या.

"गंधकाचं पाणी तापव," मान वर न करता ते म्हणाले. "परत काळा करू. आणि अंगठ्याखाली भाजल्याचा डाग आहे माझ्या, तो राहिलाय तुझ्याकडून. दागिना असा अर्धवट सोडतात का?"