पाण्याकडची बाजू

नकाशा टेबलावर पसरला की ते आधी पाण्यावर पंजा ठेवायचे. निळ्या पेन्सिलीनं रंगवलेला धरणाचा फुगवटा त्यांच्या रुंद हाताखाली झाकला जायचा. मग समाधानानं म्हणायचे, "हां ताई, आता घर दिसतंय."

मी नगरमध्ये घरांचे आराखडे करते. काठावर घर बांधणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना अंथरुणातून, चहा पिताना, जमलं तर न्हाणीतूनही पाणी दिसायला हवं असतं. या गृहस्थांना पाण्यावरचा वारा हवा होता, पाणी नको होतं.

नागापूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर राहुरीकडं, मुळा धरणाच्या फुगवट्याला लागून असलेल्या वडिलांच्या शेतात त्यांना लहानसं घर बांधायचं होतं. राहणार मात्र सगळे होते: ते, त्यांची बायको, दोन मुलं, सुना, नातवंडं आणि थोरल्या भावाची विधवा. "घरानं वीज कमी खाल्ली पायजे. आन् समदे एका छपराखाली. कुनीबी एकलं झोपायचं न्हाई."

मी पाण्याच्या बाजूला जमिनीलगत बुटके झरोके काढले, छताजवळ गरम हवा निघून जायला जागा ठेवली, पश्चिमेला जाड दगडी भिंत घेतली. त्यांना ते लगेच उमगलं. कागदावर बोट फिरवत म्हणाले, "हितून गार शिरंल, हितून ऊन निघंल. पंखा काय शोभेला लावायचा का?" आणि स्वतःच्याच विनोदावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

त्यांच्या अटी मात्र भेटीगणिक विचित्र होत गेल्या. पाण्याकडं दार नको. मागच्या खोलीतून बाहेर पडायचं तर स्वैपाकघरातूनच जाता यावं. स्वैपाकघराच्या दाराला कडी, तीही वाजणारी.

"पोरांची काळजी वाटते का?" मी विचारलं.

"पोरांची न्हाई." त्यांनी आवाज उतरवला. "वहिनींची. माजा भाऊ ह्याच पान्यात गेला. तवापासनं त्या पान्याकडं बघत बसत्यात. त्यांच्यावर नजर ऱ्हायला पायजे."

मी तसं घर आखून दिलं. एका बाईला राखण्यासाठी रचलेलं घर काढताना हात जड व्हायचा, पण त्यांची माया खोटी नव्हती. वहिनींचा विषय निघाला की ते टोपी काढून मांडीवर ठेवायचे.

मी वास्तुशांतीला गेले. घर खरंच गार होतं. भर उन्हाळ्यात नातवंडं फरशीवर लोळत होती. वहिनींसाठी म्हणून आखलेल्या मागच्या खोलीत मी डोकावले, तर तिथं खाट या गृहस्थांचीच होती. वहिनींनी आपलं अंथरूण स्वैपाकघरात, दाराशी टाकलं होतं.

मी काही विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, "मला राखत्यात, असं सांगितलं असंल भावजींनी. मला कशाची भीती, ताई? आमच्या मालकांचा हात भावजींच्या हातात हुता. तो सुटला. तवापासनं पानी त्यांना हाका मारतंय. मी बसते ती पान्याकडं बघत न्हाई. ते कुठं चाललेत ते बघत बसते."

बाहेर ते पाहुण्यांना झरोके दाखवत होते. "हात लावून बगा, वारा कसा येतो!"

पुढच्या उन्हाळ्यात पाणी फार मागं हटलं. शेताची मोटार पाण्याच्या मागोमाग पुढं सरकवावी लागणार होती. मुलं कामावर होती. भर दुपारी ते स्वैपाकघरातून निघाले. वहिनींनी कडीवर हात ठेवला.

"पोरं येऊ द्या की, भावजी."

"आवो, लख्ख ऊन हाय. मोटार बगतो अन् येतो. आज काय भ्याव वाटंना बगा."

वहिनींनी हात काढला. त्या शब्दांनीच हात ढिला पडला, असं त्या नंतर म्हणाल्या.

उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसतो. आत तसा नसतो. शेजारच्या रानातली माणसं ओरडत धावली, तेव्हा ते कमरेपर्यंत रुतले होते आणि त्यांच्यापुढं जुन्या नदीचा खोल उतार होता. दोर टाकला. तो त्यांच्या हाताशी पडला. त्यांना धरता आला नाही की त्यांनी धरला नाही, यावर त्या रानात अजून एकमत नाही.

दिवाळीत मुलांनी आग्रहानं बोलावलं म्हणून मी गेले. धरण काठोकाठ भरलं होतं. त्यांना हवे होते तसे सगळे एका छपराखाली होते. पंगत मांडली. त्यांच्या बायकोनं ताटं वाढता वाढता पाण्याकडच्या अंगाला मान वळवून हाक मारली, "अहो, चला, निवतंय!"

पोरं बोलायची थांबली. सगळे ऐकत बसले, जणू खरंच ओ येणार होती. मग वहिनी उठल्या, जावेच्या हातातलं भांडं घेतलं आणि पुढच्या ताटात भात वाढला.