दोन्हीकडे पडलेला निरोप

"निरोप लिधा का व माय? गाडी निंघनी का?"

जळगावहून नानांचा हा फोन आला नाही असा दिवस उजाडला नाही. मी धुळ्याच्या कंट्रोल रूममध्ये, ते जळगावच्या. खेड्यातल्या आरोग्यसेविकेने अँब्युलन्ससाठी मोबाईलवरून निरोप पाठवला, की तो एकाच वेळी आमच्या दोन्ही मशीनवर पडायचा. ही जोडणी नानांनीच बसवली होती. धुळ्याकडची गाडी मी पाठवायची. माझं मशीन बंद पडलं तर नानांनी. इतकं सोपं. पण नानांना चैन कुठलं! निरोप पडला की मला फोन ठरलेला.

"नाना, दिसतोय की मला!"

"मशीनले दिसनं म्हनजे मानूसले दिसनं आस नही, माय."

चिवट माणूस. बनियनवर शर्ट अडकवून कामावर यायचे आणि डबा उघडण्याआधी आपल्या पडद्यावर दोन्हीकडची मशीन चालू आहेत का ते बघायचे. मला हे काम जळगावला त्यांनीच शिकवलं, हात धरून. आणि मी काय केलं? एका सकाळी उगाच तडकले. "दर वेळी काय विचारता? मी काय इथे झोपा काढते? पुन्हा फोन करू नका!"

"बरं माय," म्हणाले. एवढंच.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी वीज गेली आणि माझं मशीन बंद पडलं. पाच मिनिटांनी सुरू झालं, तर सोनगीरचा निरोप आधीच येऊन पडलेला: म्हातारा माणूस, छातीत कळ. मला वाटलं, आपलं बंद होतं, म्हणजे नानांनी गाडी पाठवलीच असेल. तिकडे नानांनी निरोप वाचेपर्यंत त्यांना माझं मशीन चालू झालेलं दिसलं. त्यांना वाटलं, पोरीने पाठवली असेल. फोनकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला.

पाऊण तासाने सेविकेचा दुसरा निरोप आला: गाडी कुठे आहे? मग मीही पाठवली, नानांनीही पाठवली. एका दारात दोन गाड्या, आणि आत म्हातारा गेलेला. देवा, अजून आठवलं की जीव नकोसा होतो.

चौकशीत नानांनी लिहून दिलं, "मी विचारलं नाही, चूक माझी." का विचारलं नाही, ते लिहिलं नाही. नोकरी सोडली.

दहाव्यानंतर आम्ही दोघं सोनगीरला गेलो. म्हाताऱ्याची बायको ओट्यावर बसली होती. नाना तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

"अक्का, तुमना निरोप आम्हले दोन्ही जागे भेटना व्हता. मना हात फोनवर व्हता, पन मी विचारं नही."

अक्काने नानांकडे बघितलं. रडली नाही, ओरडली नाही. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

"दोन जागे गया ना, भाऊ? मंग एक तरी गाडी येती."

नानांची मान खाली गेली. मी शेजारी उभी होते. का विचारलं नाही, हे त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही. मीही नाही.