टायरची आतली कड

आमच्या हौगांग वस्तीतल्या गॅरेजमधले चिनी अंकल कुठल्याही प्रश्नाला ‘कॅन’ म्हणतात. एसी आज होईल? कॅन. ब्रेक उद्या मिळतील? कॅन. सूर तेवढा बदलतो, आणि ‘बघू’सुद्धा त्यातच भागतं. गाडी आली की ते चाकाशी उकिडवे बसतात, हात टायरच्या मागे घालतात आणि भलतीकडेच बघत आतली कड चाचपतात.

मुलीच्या शाळेला सुट्टी लागली तेव्हा आम्ही गाडीनं सीमेपलीकडे मलाक्काला निघणार होतो. आदल्या दिवशी मी नुसती हवा भरायला गेलो. मलाक्काचं ऐकताच अंकलनी पुढच्या टायरमागे हात घातला आणि ते म्हणाले, ‘कॅनॉट.’

‘या गाडीला जोर मागच्या चाकांचा आहे. पुढचे टायर कसे झिजतील?’ मी इंजिनियरच्या थाटात विचारलं.

‘मागची ढकलतात, लाह,’ अंकल म्हणाले; ‘लाह’ म्हणजे इथलं ‘रे’. ‘वळतात पुढची. तुझी तिरकी धावतायत.’

त्यांनी माझं मनगट धरून बोटं आत फिरवली. बाहेरून नक्षी शाबूत होती. आत रबर संपून तार टोचत होती.

तरी मी म्हणालो, ‘परत आल्यावर करू.’

त्यांनी गाडीची किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून बटण लावलं. मी चिडलो, गाडी माझी होती. ‘करा मग काय करायचं ते,’ म्हणून निघालो. मलाक्काला आम्ही बसनं गेलो.

परतल्यावर गेलो तर टायर नवे होते, चाकं सरळ करणारं अलाइनमेंट झालं होतं. किल्लीसाठी मी हात पुढे केला. अंकलनी तो धरला आणि आधी टायरच्या मागे नेला.