भवानीलाच काळा धूर

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं पीयूसी सेंटर आहे, गाड्यांचा धूर तपासायचं. बाहेरून बघाल तर एक पत्र्याची केबिन, आत संगणक, कॅमेरा आणि गाडीच्या सायलेन्सरात घालायची लांब नळी. पण त्या केबिनमध्ये बसलेल्या बाईनं वारणानगरला रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलंय, आणि हे मी येईल त्याला ऐकवते. कमावलेलं मिरवायचं नाही तर काय त्याचं लोणचं घालायचं?

लोकांना धूर म्हणजे नुसता धूर वाटतो. थंडीच्या दिवसांत सकाळी एखादा तोंड पाडून येतो. "मॅडम, सायलेन्सरातनं पाणी गळतंय. इंजिनात पाणी शिरलं काय?" मी सांगते, शिरलं नाही, तयार झालं. पेट्रोलात कार्बन असतो तसा हायड्रोजनही असतो. जळताना त्याची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते आणि पाणी होतं. गाडी तापली की ते वाफ होऊन निघून जातं, गार सायलेन्सरात मात्र त्याचे थेंब धरतात. जाळातून पाणी निघतं म्हटल्यावर समोरचा मला वेड्यात काढायच्या बेतात असतो. मग मलाही चेव येतो. धुरात सगळ्यात जास्त असतो तो नायट्रोजन, हवेबरोबर आत गेलेला आणि बहुतेक तसाच बाहेर आलेला, लग्नात जेवून आहेर न करता परतणाऱ्या पाहुण्यासारखा. त्यातला थोडा आतल्या आचेनं बिघडतो आणि छातीला त्रास देणारे ऑक्साइड तयार होतात. नीट जळलेल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, अर्धवट जळलेल्याचा कार्बन मोनॉक्साइड. हा दुसरा भारी लबाड. ना रंग, ना वास, आणि बंद जागेत माणसाचा जीव घेतो. डिझेलला पुरेशी हवा मिळाली नाही, तर जळायचा राहिलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. तोच काळा धूर.

आणि आमच्या भागात या काळ्या धुराला केवढा मान! ट्रॅक्टर असो की जीप, मागून लोट निघाला की बघणारे म्हणतात, "काय दम हाय गाडीत!" दम कसला, ते फुकट गेलेलं डिझेल असतं. हे मी माझ्या सासऱ्यांना लग्न झाल्यापासून सांगत आले होते. सासऱ्यांना मी मामा म्हणते. गावाकडं त्यांची शेती, गोठा आणि एक जुनी डिझेल जीप. ते माझं सगळं ऐकून घ्यायचे, मिशीवरून हात फिरवायचे आणि "असंल, असंल" म्हणून तीच जीप धुरळा उडवत घेऊन जायचे.

पण सेंटर काढायचं ठरवलं तेव्हा घरात पहिला होकार त्यांचाच. "शिकल्याली सून घरात बशवून काय करू?" असं सासूबाईंना त्यांनीच सुनावलं. भवानी, म्हणजे दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक, आपलीच जीप पाहिजे, हा हट्टही त्यांचाच. उद्घाटनाच्या सकाळी जीप दारात आली ती बॉनेटवर झेंडूचा हार घालून. मागच्या बाकांवर पांढऱ्या टोप्या घातलेली गावातली मोठी माणसं, त्यांत माजी सरपंचही. ती उतरून केबिनसमोर मांडलेल्या खुर्च्यांवर बसली. माझे यजमान पेढ्यांचा बॉक्स उघडून उभे.

मला एक गोष्ट ठाऊक नव्हती. सुनेच्या दारात जीप गरजत यावी म्हणून मामांनी आदल्या दिवशी मिस्त्रीकडून तिचा पंप वाढवून घेतला होता. म्हणजे इंजिनाला डिझेल जादा आणि हवा तेवढीच. धुराच्या परीक्षेला गाडी न्यायची, तर ती धूर वाढवून न्यायची! असला सन्मान कोल्हापूरकरच करू जाणे.

मी नळी घातली. मामांनी मोठ्या थाटात अॅक्सिलरेटर दाबला. आमचं यंत्र धुरातून प्रकाश सोडतं आणि त्यातला किती अडला ते मोजतं. इथं तर केबिनची काचच दिसेनाशी झाली. टोप्यावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. "कालच मिस्त्रीकडनं पंप वाढवून घेतलाय!" मामांनी अभिमानानं सांगितलं. पडद्यावर आलं, नापास. मी पुन्हा चाचणी घेतली. पुन्हा नापास.

टाळ्या थांबल्या. माजी सरपंच खुर्चीवरून उठून आले आणि अगदी मायेनं म्हणाले, "सूनबाई, नळी जरा भाईर धर की. कुणाला कळतंय?"

मला कळत होतं ना! पहिलीच गाडी खोटी पास केली असती, तर उद्या प्रत्येक जण कुणाचा तरी सासरा होऊन आला असता आणि माझ्या शिक्षणाला कवडीचीही किंमत उरली नसती. पण भवानीचं गिऱ्हाईक परत पाठवायचं, तेही ज्या माणसानं मला इथं उभं केलं त्याला, त्याच्याच गावच्या माणसांसमोर? रागही आला, मामांचा, त्या मिस्त्रीचा, टाळ्या वाजवणाऱ्यांचा. यजमान पेढ्यांकडं बघत राहिले.

"मामा," मी म्हणाले, "गाडी नापास आहे. पंप कमी करून, एअर फिल्टर बदलून आणा. तोवर सर्टिफिकेट मिळणार नाही."

"नापास?"

"हो."

मामांनी गिअर टाकला. जीप वळवली आणि काळा लोट सोडत निघून गेले. पाहुणे राहिले खुर्च्यांवर. "आता आमी गावाकडं जायाचं कशानं?" माजी सरपंचांनी विचारलं. त्यांना यजमानांनी एसटी स्टँडवर सोडलं. मी दिवसभर गाड्या तपासत होते, डबाही न उघडता. आता घरात माझ्याशी कोण बोलणार, हेच डोक्यात.

संध्याकाळी मामा आले. एका स्कूटरच्या मागं जीप लावली आणि हॉर्न न वाजवता थांबून राहिले. नंबर आला तेव्हा पाहिलं, हाताला ग्रीस, सदऱ्याला ग्रीस. मी नळी घातली. त्यांनी अॅक्सिलरेटर दाबला, पण नजर समोर ठेवली, माझ्याकडं नाही. धूर कुठाय ते शोधावं लागत होतं. पडद्यावर आलं, पास.

मी सर्टिफिकेट दिलं. त्यांनी न वाचता खिशात घातलं, खाली उतरले आणि भर रस्त्यात सासूबाईंना फोन लावला. फोनवर आपला आवाज आपणच गावापर्यंत पोचवायचा असतो, अशी त्यांची समजूत आहे.

"अगं, पास झाली गाडी!"

पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. मामा मात्र एकदम भडकले.

"सुनंनं केली न्हाय! ती काय करतीया? सकाळी सख्ख्या सासऱ्याला सोडलं न्हाय तिनं, गावासमोर! गाडी पास झाली म्हणून सांगतोय की, गाडी!"

रांगेतली माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली. मी मान खाली घातली नाही.