इराच्या राजाची उडी

हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही. बायको तेव्हा गेलेली होती; असती तरी तिच्यापासून लपवलंच असतं म्हणा.

मल्लेश्वरमला आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर इरा राहायची. आईबाबा पुण्याहून आलेले, दोघंही आयटीत, हेब्बाळच्या ऑफिसातून परतायला उशीर. म्हणून शाळा सुटली की पोरगी माझ्याकडे. मी तिला बुद्धिबळ शिकवायचो. शिकवायचो कसलं — दुपारपासून बेलकडे कान लावून बसायचो. या कन्नड मुलखात मराठीत बोलायला दुसरं होतं कोण? भाजीवाल्या अण्णांशी 'स्वल्प कमी करा' एवढं झालं, की दिवस संपला.

खेळ मला वडिलांनी शिकवला, देशी पद्धतीचा. त्यात शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. स्पर्धेत हे चालत नाही, असं कानावर होतं. पण नियम बघायचे? मी? चांगला रिटायर्ड इंजिनियर! इराला ती उडी मी मोठ्या ऐटीत शिकवली.

शाळेच्या स्पर्धेला मीच घेऊन गेलो. इराने राजा उचलला आणि घोड्यासारखा उडवला. समोरचा मुलगा फिस्सकन हसला, मग आजूबाजूची पोरंही. पंच आले. "आजोबांनी शिकवलंय," इरा ठणकावून म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं. सगळे वळून बघायला लागले. 'चूक माझी' म्हटलं असतं, तर काय आभाळ कोसळणार होतं? मी म्हणालो — हिंदीत, सगळ्यांना कळेल असं — की मी असलं काही शिकवलेलं नाही, ही मनानेच काहीतरी करते.

तिने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. "हो, मीच विसरले," म्हणाली. मला सांभाळून घेत होती? की खरंच तसं वाटलं तिला — आजोबा म्हणतात म्हणजे आपलंच चुकलं? मला वाटतं, तसंच वाटलं असणार. लाज वाटते हो, फार लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी ती आली. एरवी धडाधड खेळणारी पोर, पण आता प्रत्येक सोंगटी हातात धरून विचारायची, "आजोबा, हे चालतं ना?" तेव्हाही सांगता आलं असतं. मी आपला 'चालतं, चालतं' म्हणत राहिलो. हळूहळू तिने खेळणंच सोडलं, आणि माझ्याकडे येणंही.

त्या दिवशी इरा खरं बोलत होती. खोटं मी बोललो.