हैदराबादचा कूपे

वडील देवळीच्या कापूस बाजारात मापारी होते. काट्यापाशी उभे राहून ते वजन पुकारत, तेव्हा बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात त्यांच्या गालात, तंबाखू धरायच्या जागी, जखम झाली आणि होळीपर्यंत ती बाहेर फुटली. नागपूरच्या डॉक्टरांनी जबडा कापावा लागेल म्हणून सांगितलं, मुंबईच्या एका सर्जनच्या नावाने चिठ्ठी दिली आणि बजावलं, "वेळ घालवू नका."

त्याच दिवशी एसटीने परत येताना जखमेचा वास गाडीभर झाला. बायकांनी पदर नाकाला लावले. एकजण कंडक्टरला म्हणाला, "याइले मागं बसवा ना." आम्ही मागे गेलो, तर मागच्या सीटाही रिकाम्या झाल्या. वडिलांनी घंटीची दोरी ओढली आणि भर उन्हात उतरून गेले. त्यांच्या मागे मी. सेलू येईपर्यंत आम्ही पायी चाललो आणि तिथून एका ट्रकच्या मागच्या फाळक्यापाशी बसून आलो. घरी आल्यावर ते आईला म्हणाले, "मी आता लोकाइत बसत नाई. मराचं असन तं घरीच मरतो."

मी तेव्हा पंचायत समितीत कारकून होतो. आमच्या साहेबांनी सांगितलं की रेल्वेच्या फर्स्ट क्लासात दोघांपुरती खोली असते, तिला कूपे म्हणतात आणि तिचं दार आतून लावता येतं. आईने त्याच दिवशी हातातल्या पाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या.

वर्ध्याहून चारी दिशांना गाड्या जातात, पण फर्स्ट क्लासच्या जागा दर गाडीला मोजक्या, आणि त्यात लग्नसराई. तिकीट खिडकीतल्या बाबूने रजिस्टर उलटंपालटं केलं. "बंबईचा कूपे बारा दिवस नाई. हैदराबादचा परवाचा खाली आहे, भाडंबी कमी. आता तुमीच सांगा, गाव पाह्यजे का जागा पाह्यजे?"

मी म्हटलं, "जागा."

घरी सांगितलं की मुंबईचं मिळतच नाही आणि हैदराबादचा दवाखाना तेवढाच मोठा आहे. पहिलं खोटं होतं. दुसऱ्यातलं मला ओ की ठो माहीत नव्हतं, दवाखान्याचं नावसुद्धा निघायच्या आदल्या दिवशी विचारून घेतलं. आई म्हणाली, "चिठ्ठी तं मुंबईची आहे ना रे? मंग हैदराबाद काऊन?" मी तिच्यावर खेकसलो, "डॉक्टरले डॉक्टरचं अक्षर कुठंबी वाचता येते."

गाडीत मी दार लावलं तशी वडिलांनी तोंडावरचा दुपट्टा काढला. गादीवरून हात फिरवून पाहिला आणि आडवे झाले. कितीतरी दिवसांनी त्यांना सलग झोप लागली. बल्लारशा गेल्यावर जागे झाले आणि फुटक्या गालातून हवा जात असतानाही मला समजेल असं म्हणाले, "राजेलोक असेच जात असतीन." मी वाटभर खिडकीला तोंड लावून बसलो होतो. तसाच बसून हो म्हणालो.

हैदराबादला नऊ दिवस कागद आणि तपासण्या झाल्या. मग तिथल्या डॉक्टरांनी नागपूरची चिठ्ठी पुन्हा वाचली आणि हिंदीत विचारलं, "ये तो बंबई की है. आप यहाँ क्यों आए?" ते ऑपरेशन तिथे होत नव्हतं. कूपेसाठी आलो असं कोणत्या तोंडाने सांगणार होतो? परतीच्या कूपेसाठी थांबणं आलं, मग मुंबईच्या कूपेसाठी थांबणं आलं. मुंबईला पोचलो तेव्हा चिठ्ठीला दीड महिना होत आला होता. सर्जनांनी वडिलांच्या गळ्यावरून बोटं फिरवली, चिठ्ठीवरची तारीख पाहिली आणि मला म्हणाले, "महिन्याभरापूर्वी आणलं असतं तर कापलं असतं." वडील समोरच बसले होते आणि त्यांचे कान शाबूत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, दुपट्टा बांधला आणि उठले.

श्रावणात ते गेले.

बारा दिवस थांबता आलं असतं. पण आमचं घर दोन खोल्यांचं. त्या महिन्यांत मी ऑफिसात काम काढून उशिरा यायचो, बाहेरच खायचो, आणि वडिलांच्या खोलीत जायची वेळ आली की श्वास रोखून जायचो. तिकीट खिडकीवर 'जागा' म्हणालो तेव्हा वडिलांचा जबडा माझ्या डोक्यात नव्हताच. आणखी बारा दिवस तो वास मला नको होता. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

तेरवीच्या पंगतीत मी वाढत होतो. आई भिंतीला टेकून आल्यागेल्याला सांगत होती, "माह्या पोरानं बापाले फर्स्ट क्लासनं नेलं. दोन दोन शहराइत नेलं. काई कमी केलं नाई." मामा पानावरून वर बघत म्हणाले, "लेक असावा तं असा." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी मामांना भात वाढला आणि पुढच्या पानाकडे सरकलो.